डावं की उजवं

गोल मूठ फिरवायला मनगट लागतं
हे बत्तीस वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.
फेब्रुवारीपासून ह्यांचा उजवा हात गप्प आहे.
डाव्यात काठी.
वाऱ्यानं बेडरूमचं दार लागलं
की आतून काठीचे दोन ठोके,
आणि मी कणकेच्या हातांनी पळते.
आधी म्हणायचे, "आल्या जेलरबाई."
आता नुसते उभे असतात.

फिजिओची तेजल म्हणाली, काकू,
कोपरानं दाबता येईल असं हँडल बसवा ना.

लेकीनं इंदूरहून सतरा फोटो पाठवले,
रोझ गोल्ड, मॅट काळं,
एकाचं तर नाव व्हेनिस.
मी दाराकडे पाहिलं:
धनकवडी, दुसरा मजला, फ्लश डोअर,
खालच्या अंगाला मांजरानं ओरबाडलेलं.
व्हेनिस त्याच्याशी काय बोलणार?

शिवणाच्या डब्यातली टेप घेतली.
मुठीच्या मध्यापासून किल्लीच्या भोकापर्यंत
पंच्याऐंशी मिलिमीटर.
कॅलेंडरच्या पाठीवर पट्टी ठेवून पेन्सिल फिरवली,
लहानपणी पंजा काढायचो तशी.

बोहरी आळीत तीन दुकानं म्हणाली, पासष्ट घ्या,
ही साइज आता कोण मागतं.
चौथे जुझरभाई. कागद उजेडात धरला,
पोऱ्याला माळ्यावर चढवलं
आणि विचारलं, "डावा की उजवा?"
उजवा, मी म्हटलं, बोटंसुद्धा हलत नाहीत.
"बाई, मी दरवाज्याचं विचारतोय."

मग भर रस्त्यात डोळे मिटले
आणि हवेत आमचं दार उघडलं.
एक हातगाडीवाला थांबला, बाजूनं गेला.
बिजागऱ्या डावीकडे, मी म्हटलं.
सहाशे चाळीस. स्प्रिंगची गॅरंटी नाही,
"जबान आहे."

सुतार म्हणाला, सोमवारी येतो.
कुठला सोमवार ते म्हणाला नाही.

टेलिफोन खात्यात सव्वीस वर्षं काढली,
स्क्रूड्रायव्हर काही मला परका नाही.
जुने स्क्रू रडत निघाले,
एकाचा खाचाच गेलेला,
त्यावर रबरबँड धरून दाबला तेव्हा ऐकला.
पट्टी सुटली.
खाली आमचा पहिला रंग, पिस्ता,
ज्यावरून आठवडाभर अबोला होता,
आणि पेन्सिलनं काढलेला बाण,
शेजारी ह्यांच्या अक्षरात: वर.
काना नाही, मात्रा नाही,
रफारही नाही,
तरी व-ला असा डौलदार फाटा
की कुणाला दाखवायला काढला असावा.
मी तेव्हा स्टुलाशी उभी होते, स्क्रू तळहातावर घेऊन.

भोकं सैल झाली होती.
फेव्हिकॉलमध्ये बुडवून काडेपेटीच्या काड्या ठोकल्या,
गुल आधी मोडून टाकले.
चौकोनी दांडी बोटभर लांब, ती करवतीनं कापली,
दात शिवशिवले.
सगळं बसवलं, दोन पावलं मागे आले,
तर हँडलचं वळण वर गेलेलं,
हत्ती सोंड उचलतो तसं.
आतलं बाहेर लागलं होतं, बाहेरचं आत.
खुर्चीतून एक आवाज आला.
हसले होते. अर्ध्या तोंडानं,
पण हसले होते.

पुन्हा काढलं.
ह्या खेपेला बाणाकडे बघून लावलं.
बाण पट्टीखाली गेला.

मग ह्यांची पाळी.
कोपर टेकवलं, खूप वर,
निसटलं. मी पुढे होणार होते.
काठी माझ्याकडे उगारली, म्हणजे थांब.
दुसऱ्यांदा खट्.

रात्री तीनला जाग आली सवयीनं.
ठोके नाहीत.
खट् झालं, काठी पॅसेजमधून गेली,
माठावरचं झाकण वाजलं.
मी उठले नाही.
उशीवर तसंच डोकं ठेवून ऐकत राहिले.
स्प्रिंग वर यायला जरा वेळ घेते,
उद्या तेलाचा थेंब सोडायला हवा.